'प्लॅनेट रॉक' चोरीचं नाही

संगीत निर्माता आर्थर बेकरबद्दल एक दावा सारखा फिरत असतो : "क्राफ्टवर्क या जर्मन बँडची टेप कापून त्यानं १९८२ मध्ये 'प्लॅनेट रॉक' हे गाणं जोडलं, उरलेलं काम मशीननं केलं आणि इलेक्ट्रोची, म्हणजे सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवरच्या नाचगाण्यांची, लाट ओसरली तसा तोही संपला." या संगीतावर जीव असलेल्या माणसाला हे ऐकवत नाही.

आधी टेपचं बघू. हिप-हॉप डीजे आफ्रिका बंबाटाच्या या गाण्यात क्राफ्टवर्कच्या 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस'ची सुरावट आहे, 'नंबर्स'चा ठेका आहे, हे खरंच. पण क्राफ्टवर्कच्या रेकॉर्डचा तुकडा त्यात कुठंही नाही. सुरावट कीबोर्डवादक जॉन रॉबीनं सिंथेसायझरवर वाजवली, ठेका नव्यानं बसवला. खरा सॅम्पल, म्हणजे दुसरीकडून उचललेला ध्वनीचा तुकडा, आहे तो मधूनमधून येणारा वाद्यवृंदाचा दणका. तो फेअरलाइट या सॅम्पल वाजवणाऱ्या यंत्रात आयता होता, मुळात स्ट्राविन्स्कीच्या 'फायरबर्ड'मधला. क्राफ्टवर्कला मोबदला आधीच द्यायला हवा होता, यात वाद नाही. गाणं काढणाऱ्या टॉमी बॉय कंपनीला पुढे तडजोड करून तो द्यावा लागला. बेकरला ही धास्ती रेकॉर्डिंगच्या वेळीच होती. म्हणून त्यानं दुसरी एक सुरावटही करून ठेवली होती. तीच प्लॅनेट पॅट्रोल या गटाच्या 'प्ले अ‍ॅट युअर ओन रिस्क'मध्ये आली. ही दोन गाणी लागोपाठ ऐकाच.

आता मशीन. रोलँड ८०८ हे ड्रम मशीन बेकरकडे नव्हतंच. पेपरातली जाहिरात बघून वीस डॉलरमध्ये मशीन आणि ते चालवणारा, दोघांनाही स्टुडिओत बोलावलं. ठेका कसा हवा ते त्याला रेकॉर्ड ऐकवून सांगितलं. त्याच वर्षी मार्व्हिन गेच्या 'सेक्शुअल हीलिंग'मध्येही ८०८ वाजलं. मशीनच सगळं करत असेल, तर ही दोन गाणी इतकी वेगळी कशी? पुढच्या वर्षी निर्माता ख्रिस बार्बोसानं गायिका शॅननचं 'लेट द म्युझिक प्ले' केलं आणि न्यूयॉर्कच्या लॅटिन पोरापोरींना फ्रीस्टाइल हा नवा नाचगाण्याचा प्रकार मिळाला. तिथंही ८०८च.

राहिलं त्याचं 'संपणं'. रन-डीएमसी या रॅप गटाच्या उघड्यावाघड्या ठेक्यापुढे इलेक्ट्रो जुनं वाटू लागलं, हे मान्य. पण १९८३ मध्ये बेकरनं केलेलं फ्रीझ या ब्रिटिश गटाचं 'आय.ओ.यू.' ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं, न्यू ऑर्डर या बँडसोबतचं 'कन्फ्यूजन'ही त्याच वर्षीचं. १९८४ मध्ये त्यानं स्प्रिंगस्टीनचं 'डान्सिंग इन द डार्क' रीमिक्स केलं. १९८५ मध्ये गिटारवादक स्टीव्हन व्हॅन झँटसोबत वर्णभेदाविरुद्धचं 'सन सिटी' केलं. त्यात माइल्स डेव्हिस आहेत, बॉब डिलन आहेत आणि रन-डीएमसीही आहेत.