‘बसलं की चालतं’ हे रिव्हॉल्वरला लागू नाही

पेठेतल्या वाड्यात किंवा कॅम्पातल्या जुन्या बंगल्यात आजोबांचं रिव्हॉल्वर सापडलं, की फॅमिली ग्रुपवर हमखास एक मेसेज येतो: ‘काडतूस चेंबरमध्ये बसलं की बिनधास्त उडवा. .३८ म्हणजे .३८. काळ्या दारूचं हत्यार असेल तर नवी दारू निम्मी भरा. अँटिकला लायसन्स लागत नाही.’ यातलं एकही वाक्य धड नाही.

‘.३८ म्हणजे .३८’: हा आकडा इंचातला ढोबळ व्यास. एनफिल्ड नंबर २ किंवा .३८ ची वेब्ली मार्क ४ ही ब्रिटिश रिव्हॉल्वर घ्या. तिचं काडतूस .३८ एस अँड डब्ल्यूच्या (स्मिथ अँड वेसनच्या) घराण्यातलं, केस (काडतुसाचं पितळी कवच) १९.७ मिमी लांब, गोळी .३६१ इंच. .३८ स्पेशलची केस २९.३ मिमी, गोळी .३५७. मूळ सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या पुंगळीत, ती पूर्ण आत जातच नाही. गेलीच, तर कोणीतरी चेंबर पुढे कोरलेलं आहे. तिथे स्पेशलची केस मागच्या बाजूला इंचाच्या सात हजारांशाने सैल बसते, उडवताना फुगते, कधी उभी चिरते. .३८० एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) तर पिस्तुलाचं, बुडाला बाहेर आलेली कड नसलेलं काडतूस. नुसता आकडा जवळचा. पाकिटावरचं नाव बघून बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, जुळत नाही.

‘बसलं की उडवा’: .४५५ वेब्लीत हे सर्वांत घातक. अमेरिकेत विकल्या गेलेल्या कित्येक वेब्लींचा सिलिंडर मागून घासून त्यात क्लिप लावून .४५ एसीपी बसवलं गेलं. .४५५ चा दाब सुमारे १३,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड), एसीपीचा २१,००० पर्यंत. मधून मोडणाऱ्या फ्रेमची कडी हा मार फार दिवस सोसत नाही. सिलिंडर फाटू शकतो.

‘निम्मी दारू’: काळी दारू केस भरून टाकते. नव्या, धूररहित दारूचा भार केसच्या तळाशी जेमतेम दिसतो, म्हणून चुकून दुहेरी पडला तरी वरून कळत नाही. नागरी ब्रिटिश रिव्हॉल्वरवर मुकुटाखाली ‘एनपी’ (धूररहित दारूच्या चाचणीचा) ठसा नसेल, तर ते काळ्या दारूचंच धरा. शिवाय परवान्याशिवाय घरी काडतुसं भरणं हा गुन्हाच.

‘लायसन्स नको’: १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट दुरुस्ती करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्याराला आहे. उडवायचं म्हणताय, म्हणजे ते चालतं. मग सूट कसली? .४५५ आणि .३८ तर प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला मनाई असलेल्या वर्गात येतात.

लायसन्स आणि बोअर जुळले, तरी आधी परवानाधारक गनस्मिथकडे जा. चेंबर रिकामे करून, घोडा सावकाश खाली आणून चाप दाबलेलाच ठेवला, की सिलिंडर जवळजवळ हलता कामा नये. बॅरलचा व्यास मऊ शिशाची गोळी आतून ढकलून मोजतात.

ट्रंकेतली जुनी काडतुसं वापरूच नका. रेंजवर चाप ओढूनही आवाज आला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा. फुसका आवाज आला तर गोळी नळीत अडकलेली असू शकते, दुसरी अजिबात नको: आधी सगळी काडतुसं काढा, मग सळई घालून बॅरल मोकळी आहे का पाहा.