'एकट्या घोड्याने मात होत नाही' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं: विद्यापीठाच्या दोन खेळाडूंच्या बुद्धिबळाच्या त्या ५ मिनिटांच्या ब्लिट्झ (झटपट) डावात काळ्याचा फ्लॅग पडला, म्हणजे घड्याळातली वेळ संपली, तेव्हा पांढऱ्याकडे फक्त घोडा होता, म्हणून बरोबरी, 'हे शाळकरी पोरालाही कळतं', पण पांढऱ्याला विजय देणाऱ्या पंचांना आणि तो निकाल बरोबर म्हणणाऱ्या मला कळलं नाही.

मतभेद असू देत, पण ही कुठली भाषा? दोघं खेळाडू हस्तांदोलन करून उठले, हरलेल्यानेही तक्रार केली नाही. डाव न पाहता त्या सगळ्यांना अडाणी ठरवणं मला अजिबात आवडलं नाही. अठरा वर्षं मी पंचाच्या खुर्चीत बसतोय, नियम वाचूनच लिहितो.

एक चूक मान्य. ३४वी चाल मी ४३वी लिहिली होती, दुरुस्त केली आहे.

आता घोडा. फिडेचा (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचा) नियम ६.९ म्हणतो, वेळ संपली की हार. बरोबरी तेव्हाच, जेव्हा समोरच्याला कुठल्याही नियमशीर चालींनी मात करणं शक्यच नसतं. मात जबरदस्तीने करता आली पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. काळ्याकडे एच-पट्टीतलं, म्हणजे पटाच्या कडेच्या उभ्या पट्टीतलं, प्यादं शिल्लक होतं. पट घ्या आणि मांडा (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी रांग): काळा राजा एच१, प्यादं एच२, पांढरा राजा एफ१, घोडा जी३ वर येऊन शह. जी१ आणि जी२ पांढऱ्या राजाच्या ताब्यात, एच२ वर स्वतःचंच प्यादं. मात झाली. प्याद्याच्या जागी हत्ती ठेवलात तरी मातच. वजीर ठेवला तर तो वजीर घोड्यालाच मारतो. एकट्या घोड्यासमोर नुसता वजीर असेल तर मात कुठेच बसत नाही, आणि फ्लॅग पडला तरी बरोबरी.

म्हणजे काळ्याला वाचायचं होतं तर ते प्यादं घोड्याला मारू द्यायचं, डाव तिथेच बरोबरीत संपला असता. नाहीतर प्यादं शेवटच्या रांगेत नेऊन त्याचा वजीर करायचा. पण प्यादं उचलून वजीर ठेवायच्या आधी घड्याळ दाबलं तर ती बेकायदा चाल, ब्लिट्झमध्ये समोरच्याला १ मिनिट जादा.

चेस.कॉम या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर अशा वेळी बरोबरी मिळते, तुमचा गोंधळ बहुधा तिथलाच. पटावर फिडेचे नियम चालतात.

ओपनिंगवरच्या (डावाच्या सुरुवातीच्या चालींवरच्या) तुमच्या ओळींना उत्तर देत बसत नाही. पंचांच्या हेतूवर जे लिहिलंत ते मात्र मागे घ्या. ते वाक्य इथे राहणार नाही.