बिबट्या हरवला, बारा लाख मिळवा? मामा, आधी हे वाच

परवा रात्री अकराला ठाण्याच्या नौपाड्याहून मामाचा फोन. "अगं, बारा लाखांचा दावा ठोकतोय. अर्ज लिहून झालाय, तुझ्या ऑफिसात तेवढी प्रिंट काढून दे."

बारा लाख कशाचे, तर बिबट्याच्या मुंडक्याचे.

पणजोबांनी १९३८ साली जव्हारच्या रानात मारलेला हा बिबट्या. डोकं आणि मानेपर्यंतचं कातडं, सागवानी फळीवर बसवलेलं. लहानपणी त्याच्या लाल रंगवलेल्या जिभेवर बोट ठेवून दाखवायची आम्हा भावंडांत पैज लागायची. (जुन्या पेंढ्याला कीड लागू नये म्हणून आर्सेनिकचा साबण चोळत असत, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. असो.) दोन-एक वर्षांपूर्वी त्याच्या एका कानाला कसर लागली, डाव्या डोळ्याची काच निखळली, म्हणून मामाने तो नवी मुंबईतल्या एका पेंढा भरणाऱ्याकडे दुरुस्तीला दिला. सहा हजार आगाऊ. त्या गृहस्थाने मधल्या काळात गाळा बदलला, आणि सामान हलवताना बिबट्या गहाळ झाला. आता तो म्हणतो, "काका, सहा हजार परत घ्या आणि विषय संपवा."

नेमका त्याच आठवड्यात मामाच्या ज्येष्ठ नागरिक ग्रुपवर फॉरवर्ड आला: "टॅक्सिडर्मिस्टने तुमची शिकारीची ट्रॉफी हरवली? गप्प बसू नका!" मला तो आतापर्यंत तीन ग्रुपांवर आलाय. त्यात पाच गोष्टी ठोकून दिल्यात. पावतीवरच्या 'हरवल्यास आम्ही जबाबदार नाही' या ओळीला काडीची किंमत नाही. भरपाई परदेशी लिलावाच्या भावाने मिळते. ५० वर्षांपेक्षा जुन्या ट्रॉफीला कागदपत्रं लागत नाहीत. पोलीस किंवा वनखात्याच्या नादी लागू नका, थेट ग्राहक मंचात जा. आणि दावा मुंबईतच, वकिलामार्फतच लावा.

मी वकील नाही. एका सीएच्या ऑफिसात करांच्या कलमांशी दिवसभर झटापट करते, त्यामुळे कायद्याचं पुस्तक उघडायची भीती तेवढी गेली आहे. रविवारी सकाळी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ घेऊन बसले. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तो उघडलाही नसणार.

शेवटच्या मुद्द्यापासून घेते, कारण तो पटकन निकालात निघतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे मामाला ठाण्यातच. वकील सक्तीचा नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही लागत नाही. 'मंच' आता 'आयोग' झालाय, हेही लिहिणाऱ्याच्या गावी नाही.

पावतीचा मुद्दा. इथे नाइलाजाने मान डोलवावी लागते. आपली वस्तू विश्वासाने दुसऱ्याच्या ताब्यात दिली, की कोणताही शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने घ्यायची, हे १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ सांगतं. काळजी घेतली होती हे दाखवायची जबाबदारीही वस्तू ठेवून घेणाऱ्यावरच येते. पावतीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ छापली की हात झटकता येतात, असं नाही. तुमचा लाडका कुत्रा गेला, आठवण म्हणून तुम्ही त्याच्यात पेंढा भरायला दिला आणि कारागिराने तो हरवला, तर खुशाल आयोगात जा, मनस्तापाची भरपाईही मागा. (कुत्रा म्हटलं आहे. पोपट नाही. आपला साधा हिरवा पोपटही संरक्षित पक्षी आहे.) नामिबियात किंवा दक्षिण आफ्रिकेत परवाना काढून, रीतसर पैसे भरून शिकार केलेल्या माणसाची ट्रॉफी तिथल्या कारागिराने हरवली, तर त्याच्याकडेही परवाना असतो, बिलं असतात, दाव्याला धड पाया असतो. फॉरवर्डमधलं अर्धं शहाणपण तिकडचंच आहे. ते उचलून नौपाड्याच्या बिबट्याला चिकटवलंय.

आता लिलावाचा भाव. मामाचे बारा लाख इथूनच आले. कुठल्या तरी परदेशी लिलावाचा आकडा डॉलरमध्ये दिलाय, मामाने तो रुपयांत करून घेतला. अरे मामा, भाव कशाला असतो? जे विकता येतं त्याला. वन्यजीव कायद्याचं कलम ४३ म्हणतं, मालकी दाखला (ट्रॉफी कायदेशीर आपली आहे असा सरकारी कागद) असलेल्या माणसालासुद्धा ट्रॉफी विकता येत नाही, विक्रीला काढता येत नाही, पैशाच्या कुठल्याही मोबदल्यात देता येत नाही. बिबट्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या कातड्याचा देशादेशांमधला व्यापारही बंद. ज्या वस्तूचा बाजारच कायद्याने बंद केलाय, तिचा बाजारभाव आयोग कुठून काढणार?

याहून झणझणीत उत्तर कलम ४२ए मध्ये आहे. हे २०२२ च्या दुरुस्तीने आलं, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालं. दाखला असलेली ट्रॉफी तुम्हाला घरात नको असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाला नोटीस देऊन ती जमा करता येते. त्या क्षणी ती सरकारची होते आणि तुमचा दाखला रद्द होतो. आणि पुढचं पोटकलम सरळ सांगतं, याबद्दल कोणालाही कसलीही भरपाई मिळणार नाही. हे मी मामाला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. तुझा बिबट्या उद्या सहीसलामत सापडला आणि तू तो स्वतः नेऊन सरकारला दिलास, तरी तुला एक रुपया मिळत नाही. मग हरवलेल्याचे बारा लाख कोण देणार?

मामा गप्प झाला. मग म्हणाला, "पण ५० वर्षांच्या वर झाली ना त्याला, कागद कशाला लागतात?"

या मुद्द्याने माझं डोकं खरंच फिरलं, कारण यात माणूस तुरुंगात जाऊ शकतो. वस्तू जुनी आहे म्हणून सूट, अशी तरतूद या कायद्यात नाही. १९३८ चा बिबट्या हा बिबट्याच. उलट वारसाहक्काने ट्रॉफी आली तर ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे ते जाहीर करावं लागतं. कलम ४०, पोटकलम २बी. आजोबा २०११ मध्ये गेले. घरात १९७४ चा, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला मालकी दाखला आहे, पण तो आजोबांच्या नावाचा. मामाने ९० दिवसांत काय केलं? तेराव्यानंतर बिबट्याला फडकं मारलं आणि परत खिळ्यावर लावला.

आणि हा माणूस आता स्वतःच्या सहीने सरकारी आयोगाला लिहून देणार होता, की वारशाने आलेलं बिबट्याचं मुंडकं जाहीर न करता मी इतकी वर्षं घरात ठेवलं आणि मग दुसऱ्याच्या ताब्यात दिलं. बिबट्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि अशा प्राण्याच्या बाबतीत कलम ५१ खाली कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे. दंड वेगळा. मामाने तीन पानी तक्रार लिहिली होती. समोरच्या वकिलाला तो आयता कबुलीजबाब मिळाला असता.

पेंढा भरणाऱ्याची बाजूही धड नाहीच. अनुसूचित प्राण्यांच्या बाबतीत टॅक्सिडर्मीचा धंदा करायलाच कलम ४९बी ची बंदी आहे, आणि ट्रॉफी टिकवण्याची प्रक्रियासुद्धा कायद्याच्या व्याख्येत टॅक्सिडर्मीच. कान सांधणं, कसर काढणं त्यात आलंच की. म्हणजे सहा हजारांचा तो व्यवहार मुळातच बेकायदा, आणि बेकायदा हेतूचा करार त्याच १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ खाली शून्य. तो सहा हजार परत द्यायला इतक्या तत्परतेने का तयार झाला, हे आता मामाच्याही ध्यानात आलं. "मग बोरिवलीला वाघ-सिंहात पेंढा भरतात ते?" हा त्याचा शेवटचा बाण. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातलं केंद्र वन विभागाचं आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. संतोष गायकवाड मेलेल्या प्राण्यांवर तिथे सरकारी परवानगीने काम करतात. गाळा घेऊन मांडलेलं दुकान नाही ते.

म्हणूनच "वनखात्याकडे जाऊ नका" हा सल्ला सगळ्यात घातक. कलम ५० खाली वन अधिकारी उद्या दारात येऊन म्हणू शकतो, ट्रॉफी दाखवा. दाखला हातात, बिबट्या गायब, आणि दोन वर्षांत कुठेही लेखी नोंद नाही. विकलात की हरवला, हे कसं सिद्ध करणार? आजपर्यंत झालेला उशीर झालाच, पण तो आपण होऊन सांगणं आणि पकडले गेल्यावर सांगणं यात फरक आहे.

तेव्हा असं ठरलंय. गुरुवारी मामा, मी आणि ठाणे कोर्टात फौजदारी कामं करणारे एक ओळखीचे वकील बसणार. त्यांच्या नजरेखालून अर्ज गेला की तो वन विभागाच्या कार्यालयात द्यायचा, हरवल्याची खबर पोलिसांत द्यायची. पेंढा भरणाऱ्याची पावती आणि त्याचे 'विषय संपवा'वाले मेसेज जपून ठेवलेत. सोबत मामाच्या लग्नाचा फोटोही शोधून काढलाय, १९८९ चा. अंतरपाट धरलाय आणि मागच्या भिंतीवर बिबट्या दोन्ही डोळे शाबूत ठेवून बघतोय.

बारा लाखांचा अर्ज मामाने फाडला नाही. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर, ज्या ज्या ग्रुपवर त्याने तो फॉरवर्ड ढकललाय त्यांची यादी केली आहे. अकरा नावं झालीत. तिसरं नाव आमच्याच सोसायटीचं आहे.