दीड के सांगून पंधरा के

गिटारच्या ट्यूब अँपसाठी आणलेलं रेझिस्टरचं पाकीट. पाकिटावर मार्करने लिहिलंय 1.5के, म्हणजे दीड किलोओहम. आत 15के. शंभरच्या शंभर! टिंब मार्करमध्येच राहिलं वाटतं. आणि या रुपया-रुपयाच्या रेझिस्टरपायी, अँप का चिरकतो ते शोधण्यात, तीन रात्री गेल्या, कारण संशय आधी व्हॉल्व्हवर (म्हणजे ट्यूबवर), मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर, मग गिटारच्या केबलवर, शेवटी शेजारच्यांच्या मिक्सरवर. रेझिस्टरवर कोण घेतं?

बरं, लक्षणं तरी सरळ असावीत! व्हॉल्यूम दोनवर गेला की साधी ई मायनर कॉर्ड चिरकते. एकावर आणला की साफ. म्हणजे भानगड व्हॉल्यूमच्या पुढे, सिग्नल वाढवणाऱ्या दुसऱ्या टप्प्यात. पहिल्या टप्प्यात असती तर अँपचं बटण कितीही खाली आणा, फाटलेलं ते फाटलेलंच, फक्त हळू आवाजात. तिथे गिटारचंच बटण खाली आणावं लागतं. हे पहिल्या रात्रीच कळलं होतं. पुढच्या दोन रात्री कुठे गेल्या? सल्ल्यात.

‘व्हॉल्व्ह बदलून बघ.’ बदलला. एक मिनिटाचं काम, 12एएक्स7 (हाच तो व्हॉल्व्ह) काढा, दुसरा लावा. तोच चिरका. ‘अजून एक बदलून बघ.’ अरे, तीन व्हॉल्व्ह एकाच जागी एकाच पद्धतीने बिघडतात का? यांना सर्दी झाली तरी हे नाक बदलतील. आणि दुसरी जमात याहून वाईट: ‘ट्यूब अँप आहे, थोडं फाटणारच, तोच तर उबदारपणा.’ उबदार म्हणे! दुपारच्या पत्र्यावर चप्पल घासल्यासारखा आवाज येतोय आणि याला ऊब सुचतेय.

मग कपलिंग कपॅसिटर, म्हणजे सिग्नल पुढच्या टप्प्यात सोडून डीसी अडवणारा. पुढचा व्हॉल्व्ह काढून त्याच्या ग्रिडच्या, म्हणजे सिग्नल आत शिरतो त्या, पिनवर डीसी मोजायचं, शून्य हवं. अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी तो 0.022 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गळका, फेकून द्या, 400 व्होल्टच्या खालचा पुन्हा आणू नका. इथे शून्य. मग प्लेटची (सिग्नल बाहेर पडतो ती) आणि ग्रिडची वायर गळ्यात गळे घालून चालल्यात का, कानाला न ऐकू येणारी शिट्टी तिथे फिरतेय का, म्हणून लाकडी काडीने एकेक वायर हलवून पाहिली. काही नाही.

शेवटी व्होल्टेज. जे पहिल्या दहा मिनिटांत मोजायचं असतं ते तिसऱ्या रात्री, हो, माहितीये. पुरवठा 280 व्होल्ट. प्लेटला 100के, कॅथोडला (व्हॉल्व्हचं दुसरं टोक) दीड के, म्हणजे कॅथोडच्या 8 नंबरच्या पिनवर सव्वा ते दीड व्होल्ट आणि प्लेटच्या 6 नंबरवर 180 ते 195 मिळायला हवेत. मिळाले किती? 8 वर जवळजवळ तीन, 6 वर 260. व्हॉल्व्ह झोपलाय! दीड केवर तीन व्होल्ट म्हणजे दोन मिलिअँपिअर, मग 100केवर दोनशे व्होल्ट पडायला हवेत, आणि इथे पडतायत वीस. प्लेटमधून जेमतेम 0.2 मिलिअँपिअर जातोय. सिग्नल जरा मोठा झाला की एक बाजू साफ कापली जाते. पॉवर बंद, फिल्टर कपॅसिटर 10के 5 वॉटमधून रिकामे करून मीटरवर 10 व्होल्टच्या खाली आल्याची खात्री (हे टाळणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही), आणि मग जुन्या डब्यातला खरा दीड के क्लिपने 15केला समांतर. चालू केलं. साफ! काचेसारखं!

आता म्हणाल, रंग दिसत नव्हते का? दिसत होते ना! निळ्या अंगावर तपकिरी-हिरवा-काळा-तपकिरी म्हणजे दीड के आणि तपकिरी-हिरवा-काळा-लाल म्हणजे पंधरा के. त्या निळ्यावर तपकिरी आणि लाल यांच्यातला फरक ज्याला दिव्याखाली ओळखता येतो त्याने चिकित्सालय काढावं. वर शेवटचा टॉलरन्सचा (किती टक्के फरक चालतो त्याचा) पट्टाही तपकिरी, त्यामुळे उलटा वाचला की दीड केचा होतो 11 मेगओहम. जुने पिवळसर कार्बनवाले बरे होते, आवाजात खस्सऽऽ करायचे पण खोटं बोलत नव्हते. आणि सॉकेटचे पिन खालून बघताना घड्याळाच्या दिशेने मोजायचे, वरून उलटे, हे ज्याने ठरवलं त्याच्यासाठी वेगळी यादी आहे. त्या यादीत ढिल्या पिनांचे सॉकेटवालेही आहेत.

गंमत म्हणजे मार्शल कंपनीच्या 2203 या गिटार अँपमध्ये याच दुसऱ्या टप्प्याला कॅथोडवर मुद्दाम 10के असतो. त्या कापलेल्या आवाजासाठी लोक पैसे मोजतात. मला तो फुकटात मिळाला होता आणि मी तीन रात्री त्याला हाकलत होतो. क्लीन अँप हवा होता ना साहेबांना!

मीटर मात्र तिन्ही रात्री टेबलावर, हाताच्या अंतरावर होतं. सोल्डर मारण्याआधी दोन्ही टोकांना लावलं असतं तर पाच सेकंद. उद्या दुकानात जाऊन भांडायचं ठरवलंय, पण ‘लावण्याआधी मोजलं नाही का?’ असं त्याने विचारलं तर काय सांगू, ते सुचत नाहीये. बाकी सगळे 15के उरलेत. कुणाला हवेत?