डोकं चालवा!

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ ला टेकला की शहाणा माणूस डोकं चालवत नाही, उपरण्यात गुंडाळून ठेवतो. नेमका तोच मुहूर्त साधून आमच्या प्लास्टिक चटईच्या कारखान्याच्या मालकांनी कर्मचाऱ्यांची सर्जनशीलता जागवायला काढली. डिसेंबरात त्यांना असलं काही सुचत नाही. तेव्हा भरीत पार्ट्या असतात.

पुण्याहून प्रशिक्षक आले. टाय लावून आले होते. तो अकरापर्यंत टिकला. जेवायला शेवभाजी. दुसऱ्या घासाला त्यांनी ताक मागितलं, चौथ्याला नुसतंच वर बघितलं. विचारमंथनाच्या आधी तर्रीवाली शेवभाजी ठेवणाऱ्याचा मेंदूशी फार संबंध आलेला नसावा.

ब्रेनस्टॉर्मिंग म्हणे अलेक्स ऑसबॉर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याची युक्ती. कल्पना भरमसाट हव्यात, वेडगळही चालतील, पण कुणी कुणाच्या कल्पनेला नावं ठेवायची नाहीत. हे ऐकून सभा गपगार. आमच्याकडे नावं ठेवली नाहीत तर समोरच्याला वाटतं, हा आपल्यावर रुसलाय. (येल विद्यापीठात १९५८ साली हे तपासून पाहिलं होतं: चौघांना एकत्र बसवण्यापेक्षा चौघांना वेगवेगळं बसवलं तर मिळून जवळपास दुप्पट कल्पना निघतात. हे मी नंतर वाचलं. आधी कळतं तर मी स्टोअररूम मागून घेतली असती. तिथला कूलर बरा आहे.)

मग रंगीत चिकट चिठ्ठ्या आल्या. कल्पना लिहायची, भिंतीला लावायची. भिंतीसमोर कूलर. पहिल्याच झोतात 'उत्पादकता' उडाली ती अकाउंटवाल्या आप्पांच्या पाठीवर बसली, 'गुणवत्ता' थेट ताकात. प्रशिक्षक चिठ्ठ्यांमागे धावत होते. शेवटी ते म्हणाले, कूलर जरा बंद करू या. ही कल्पना मात्र सगळ्यांनी एकमुखानं हाणून पाडली. ऑसबॉर्न गेला खड्ड्यात.

लूमवरचे नाना तेवढे काही न लिहिता बसले होते. त्यांना बोलतं केलं तर म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात शेतावरचा माणूस दिवस उगवायच्या आधी जातो, ऊन चढलं की घरी. आपनबी सकाळी सहाले येऊ, एकले सुटी करू."

प्रशिक्षक हरखले. मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहून त्यांनी ती भिंतीवर तळव्यानं दाबून धरली. मालक म्हणाले, "छान आहे, पण वेडगळ आहे."

"वेडगळच तर हवी होती!"

मालकांनी त्यांच्याकडे जे बघितलं, त्यात मानधनाचा चेक स्पष्ट दिसत होता. प्रशिक्षकांनी चिठ्ठी हळूच सोलली आणि खिशात घातली.

जाता जाता ते सूचनापेटी लावून गेले. कोडॅक कंपनीनं १८९८ साली अशी योजना काढली, तेव्हा पहिलं बक्षीस मिळालं ते खिडक्यांच्या काचा धुवा म्हणणाऱ्या कामगाराला. आमच्याकडे कुणी असं म्हणेल तर ऊन आत घेतो म्हणून मार खाईल. महिनाअखेर पेटी उघडली. तंबाखूची रिकामी पुडी, 'पगार' एवढाच शब्द लिहिलेला कागद आणि बाकी सगळीकडे एकच मागणी: कूलरचा वाळा बदला. पहिलं बक्षीस, स्टीलचा डबा, वाळ्याला मिळालं. वाळा काही बदलला नाही. तरतूद डब्यात संपली.

काल फलकावर नवी सूचना लागली. सर्जनशीलतेची पुढची बैठक शनिवारी दुपारी तीनला, प्रत्येकानं किमान तीन कल्पना आणाव्यात, गैरहजर राहिल्यास अर्धा दिवस कापला जाईल.

नानांनी ती सावकाश वाचली. म्हणाले, "तीन कोठून आनू भो? एकच व्हती, तेबी पुण्याले चालली गेली."