५० तासांचा विकास

प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये व्यक्त केली आहे. माझी याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही, कारण जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत नोकरीला लागल्यापासून माझा विकास अव्याहत चालू आहे आणि अलीकडे तर तो रात्री साडेदहानंतर अधिक जोमाने होतो. ‘अत्यंत तातडीचे’ असा मथळा असलेले संदेश त्याच सुमारास ग्रुपवर येतात. सोबत एक लिंक असते आणि ती उघडली की शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, विचारला जातो. २७ पासून सुरू होणारा हा क्रमांक मला झोपेतही म्हणून दाखवता येतो; यजमानांचा मोबाइल क्रमांक मात्र अजूनही पाहूनच लावावा लागतो.

मी रुजू झाले तेव्हा शाळेतले तंत्रज्ञान म्हणजे १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा योजनेतून आलेले साहित्य. त्यातला भारताचा नकाशा घड्यांवर फाटलेला होता आणि ढोलकीची एक बाजू सैल पडलेली होती. परंतु ढोलकीला पासवर्ड लागत नसे आणि ती वाजवल्याचे प्रमाणपत्र कोणी मागत नसे. पुढे २००१ मध्ये एमएस-सीआयटी आली आणि ती उत्तीर्ण होण्याचा संबंध वेतनवाढीशी जोडला गेल्यावर अख्ख्या तालुक्यातील गुरुजन संध्याकाळी संगणक केंद्रात माउस धरून बसू लागले. पेंटमध्ये झोपडी, नारळाचे झाड आणि मागे उगवता सूर्य काढता येणे, ही त्या काळी संगणक साक्षरतेची सर्वमान्य खूण होती. त्यानंतर प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाचे वारे आले, लोकवर्गणीतून शाळा डिजिटल झाल्या आणि आम्ही सर्व जण ‘तंत्रस्नेही’ झालो.

२०२० मध्ये परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याचे त्यांचे काम मोठेच आहे आणि आम्हां सर्वांना त्याचा मनापासून अभिमान वाटला. मात्र त्या दिवसापासून शाळेला भेट देणारा प्रत्येक जण ‘त्यांना जमते, मग तुम्हांला का जमू नये?’ असे विचारू लागला. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली, हा अनुकरणीय भाग मात्र या प्रश्नकर्त्यांपैकी एकानेही कधी बोलून दाखवला नाही.

तालुक्याच्या प्रशिक्षणाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. प्रशिक्षण प्रथम राज्य पातळीवर होते, तेथून ते जिल्ह्याला येते, जिल्ह्यावरून तालुक्याला आणि तालुक्यावरून केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला. पाहुणे वाढतील तसतसे आमटीत पाणी वाढत जावे, तसे खाली येईपर्यंत त्यात फोडणीचा वासच काय तो उरतो. आमच्या वाट्याला आलेला विषय होता ‘तंत्रज्ञानाधारित आनंददायी अध्यापन’. सभागृहात सतरंज्या होत्या, पंखे होते, चहा वेळेवर होता, फक्त लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांना जोडणारी केबल ज्या सरांकडे होती, ते सर निवडणुकीच्या कामावर गेले होते. दुसरी केबल येईपर्यंत पडद्यावर निळ्या रंगात ‘नो सिग्नल’ ही अक्षरे इकडून तिकडे फिरत राहिली. हातात दुसरे काही नसल्यामुळे आम्ही सर्व जण त्यांच्याकडे इतक्या एकाग्रतेने पाहत होतो की पुढे दिवसभरात कोणत्याही स्लाइडला तेवढे अवधान लाभले नाही.

केबल आली. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्या, सरांनी पहिली स्लाइड लावली. ‘व्याख्यान पद्धती टाळा,’ असे तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले होते आणि व्याख्यान पद्धती का टाळावी, हे त्यांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत अस्खलितपणे समजावून सांगितले. सर सज्जन आहेत, स्वतःच्या वर्गात ते फार सुंदर शिकवतात, हे मी स्वतः पाहिले आहे. पण हातात माइक आला की चांगल्या शिक्षकाचेही काय होते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. दुपारच्या सत्रात प्रत्यक्ष कृती होती. एकच संवादी पॅनेल असल्यामुळे प्रत्येकाने रांगेतून पुढे जाऊन त्याला बोट लावायचे, एक रेघ ओढायची आणि मागे फिरायचे, असे ठरले. माझ्या पुढच्या मॅडमनी सवयीने चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. रेघ ओढताना प्रत्येकाचा फोटो काढला गेला, कारण अहवालाला फोटो जोडणे अनिवार्य होते.

ऑनलाइन प्रशिक्षणाची गोष्ट निराळी. चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या निवडश्रेणीसाठी ते पूर्ण करणे आवश्यक असते आणि पगाराशी निगडित असल्यामुळे त्याच्याविषयी घरातही आदर असतो. व्हिडिओ पुढे ढकलता येत नव्हता. आमच्या घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते, म्हणून मी मोबाइल मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा करीत असे आणि पोळ्या लाटता लाटता आकारिक मूल्यमापन ऐकत असे. शेजारी लसूण सोलत बसलेल्या सासूबाईंनी सगळे घटकसंच माझ्याबरोबर ऐकले. शेवटी त्यांच्याने राहवले नाही. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, ती बाई सारखी ‘कृतियुक्त, कृतियुक्त’ म्हणत्ये, मग आपण का नुसती बसून बोलत्ये?’’ या प्रश्नाचे उत्तर घटकसंचाच्या शेवटी दिलेल्या चाचणीत नव्हते. तेथील प्रश्न ‘वर्गात तंत्रज्ञानाचा वापर का करावा?’ अशा धर्तीचे होते आणि चारही पर्याय इतके सद्गुणी होते की ‘वरील सर्व’ निवडल्यावाचून गत्यंतर नसे. तरीही ग्रुपवर कोणी तरी उत्तरसूची टाकलीच. पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा येत असल्यामुळे ती सूची प्रामाणिकपणे उतरवून काढणारे आमचे एक सहकारी चाचणीत अडकले आणि न वाचता ‘वरील सर्व’ टिचकावणारे दुसरे पहिल्याच फटक्यात सुटले.

प्रशिक्षणानंतर महिनाभरात ‘वर्गातील उपयोजन’ या शीर्षकाखाली पुरावा द्यायचा होता. लोकवर्गणीतून आलेले आमचे पॅनेल त्या वेळी चादरीखाली झाकलेले होते, कारण बिल थकल्यामुळे शाळेची वीज तोडलेली होती. मुख्याध्यापक सरांनी ग्रामपंचायतीला पत्र दिले होते आणि ग्रामपंचायतीने ते ठेवून घेतले होते. मग मी चौथीच्या पुस्तकातील क्यूआर कोड माझ्याच मोबाइलवर स्कॅन केला आणि पाच-पाच मुलांना जवळ बोलावून महाराष्ट्रातील नद्यांची चित्रफीत दाखवू लागले. गोदावरी त्र्यंबकेश्वराहून निघून नाशिकपर्यंत पोहोचते न पोहोचते तोच फोन वाजला. मुलांची बोटे पडद्यावरच असल्यामुळे तो आपोआप उचलला गेला आणि स्पीकरवरून एका मंजुळ आवाजाने मला विनातारण वैयक्तिक कर्ज मंजूर झाल्याचे साऱ्या वर्गाला कळवले. पुढच्या ओळीतला एक मुलगा अत्यंत गंभीरपणे म्हणाला, ‘‘घ्या की बाई. लाईटबिल तरी भरता येईल.’’

फोटोवर अक्षांश-रेखांश उमटलेले असावेत, अशी सक्त सूचना होती. त्यासाठीचे ॲप मी उतरवून घेतले आणि फोटो पाठवून दिला. दोन दिवसांनी केंद्रप्रमुख साहेबांचा फोन आला.

‘‘मॅडम, नकाशावर तुमचा वर्ग पाटलांच्या उसात दिसतोय.’’

शाळेच्या आवारात रेंज नीट येत नसल्यामुळे तसे झाले असावे, असा खुलासा मी केला. त्याचबरोबर, पाटलांच्या त्या उसात शेतीपंपाची वीज नियमित येते, तेव्हा पॅनेल तिकडेच हलवले तर ते रोज चालू ठेवता येईल, असेही नम्रपणे सुचवले. साहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तो प्रस्ताव मुख्याध्यापकांच्या सहीने दोन प्रतींत, फोटोसह सादर करायला सांगितले.