चेहरा न दाखवणारा अल्बम : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ब्रिटिश पॉप गायक जॉर्ज मायकलच्या १९९० मधल्या 'लिसन विदाउट प्रेज्युडिस, व्हॉल्यूम १' या अल्बमवरच्या माझ्या लेखाला तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं मला समजलं ते असं : त्याच्या आधीच्या 'फेथ' या अल्बमच्या मानाने हा अल्बम अमेरिकेत पडला, म्हणजे श्रोत्यांनी तो नाकारला. व्हिडिओत चेहरा दाखवणार नाही म्हणणाऱ्याने पाच सुपरमॉडेल्स पडद्यावर आणल्या, हा दुटप्पीपणा. सगळं मिळालेल्या माणसाची ही कुरकुर आहे. गाणी संथ आहेत. आणि 'कंपनीनेच हा अल्बम मारला' हे माझं वाक्य पुराव्याला धरून नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. त्याची रेकॉर्ड कंपनी सोनीने अमेरिकेत अल्बमची नीट जाहिरात केली नाही, ही तक्रार खुद्द जॉर्जची होती. आपला करार म्हणजे व्यवसायस्वातंत्र्यावर घातलेलं बंधन आहे, असं म्हणत तो लंडनच्या कोर्टात गेला आणि जून १९९४ मध्ये हरला. करार वाजवी आहे, असं न्यायाधीशांनी ठरवलं. एका बाजूची तक्रार मी निकाल असल्यासारखी लिहिली, ही चूक माझी. शिवाय अल्बमच्या प्रसिद्धीला त्याने स्वतःही फारसा हात लावला नाही. व्हिडिओत दिसायला नकार दिला, आणि १९९१ च्या दौऱ्याचं नाव होतं 'कव्हर टू कव्हर' : नवा अल्बम हाताशी असताना हा माणूस मंचावर मुख्यतः दुसऱ्यांची गाणी गात होता. याचा उल्लेख माझ्या लेखात यायला हवा होता.

पण 'श्रोत्यांनी नाकारलं' हे मला पटत नाही. अमेरिकेत हा अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, त्यातलं 'प्रेइंग फॉर टाइम' हे गाणं तिथे पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. ब्रिटनमध्ये अल्बम पहिला आला, 'फेथ'पेक्षाही जास्त खपला आणि १९९१ मध्ये सर्वोत्तम ब्रिटिश अल्बमचा ब्रिट पुरस्कार त्याला मिळाला. 'फेथ'मधली चार गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली होती आणि त्या अल्बमला ग्रॅमीचा 'अल्बम ऑफ द इयर' मिळाला होता. त्याच्या शेजारी उभा केला की जवळजवळ कुठलाही पॉप अल्बम बुटका दिसेल. तुम्ही अपयश मोजताय ते त्याच पट्टीने.

आता चेहऱ्याचा मुद्दा. तुमच्या प्रतिक्रियेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला मुद्दा हाच, आणि माझा सगळ्यात मोठा मतभेदही इथेच आहे.

'फेथ'चा व्हिडिओ आठवा. काळं लेदर जॅकेट, जीन्स, गिटार, ज्यूकबॉक्स, गालावरची ती मोजूनमापून ठेवलेली खुरटी दाढी. गाणं ऐकण्याआधी तो माणूस दिसतो. १९९० मध्ये डेव्हिड फिंचरने दिग्दर्शित केलेल्या, या अल्बममधल्या 'फ्रीडम! ९०'च्या व्हिडिओत तेच जॅकेट जळतं, तीच गिटार आणि तोच ज्यूकबॉक्स स्फोटात उडतो. आणि गाण्याचे शब्द ओठांवर घेतात त्या पाच सुपरमॉडेल्स : नाओमी कॅम्पबेल, लिंडा इव्हान्जेलिस्टा, क्रिस्टी टर्लिंग्टन, तात्याना पाटिझ, सिंडी क्रॉफर्ड. तुम्हाला यात दुटप्पीपणा दिसतो, कारण चेहरे विकायचं थांबलं नाही, फक्त चेहरे बदलले. मला वाटतं, गाणं नेमकं हेच तर दाखवतंय. पोरवयातल्या प्रसिद्धीविषयी, टीव्हीसाठी सजण्याविषयी, त्या खेळात आपणही राजीखुशीने उतरलो होतो याविषयी ते गाणं आहे. तो कबुलीजबाब त्या काळातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांच्या तोंडी दिला की ऐकणाऱ्याला आवाज आणि चेहरा यांच्यातली फट दिसू लागते. आवाज एकाचा, ओठ दुसऱ्याचे. 'प्रेइंग फॉर टाइम'च्या व्हिडिओत तर गडद पडद्यावर फक्त शब्द होते. तो व्हिडिओ दुटप्पी म्हणता येईल का?

मुखपृष्ठही बघा. छायाचित्रकार वीजीने १९४० मध्ये टिपलेल्या, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावरच्या प्रचंड गर्दीच्या छायाचित्राचा तो एक तुकडा आहे. शेकडो चेहरे आहेत, गायकाचा एकही नाही.

आणि त्याला चेहऱ्याचा इतका कंटाळा का आला असेल, हे १९९० मध्ये ऐकणाऱ्या कुणालाही पूर्ण कळणं शक्य नव्हतं. आपण समलिंगी आहोत हे त्याने जाहीरपणे सांगितलं १९९८ मध्ये. त्याआधीची सगळी वर्षं लेदर जॅकेटमधला तो तरुण स्त्रियांच्या स्वप्नातला पुरुष म्हणून विकला जात होता. त्यामुळे 'फ्रीडम! ९०'मध्ये तो म्हणतो की माझ्या आत खोलवर दुसराच कुणीतरी आहे, तिथे आता मला प्रसिद्धीचा कंटाळा ऐकू येत नाही. दार आतून बंद करून बसलेला माणूस ऐकू येतो. हे ध्यानात ठेवून ते गाणं पुन्हा ऐका, एवढीच विनंती.

कुरकुरीच्या बाबतीत तुम्ही एकटे नाही. सप्टेंबर १९९० मध्ये खुद्द ज्येष्ठ अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राने 'लॉस एंजेलिस टाइम्स'ला पत्र लिहून या तरुण गायकाला सुनावलं होतं : प्रसिद्धीबद्दल कृतज्ञ राहा, खरी शोकांतिका तर रिकाम्या सभागृहात गावं लागण्याची असते. सिनात्राच्या तोंडून हे ऐकताना त्यात तथ्य वाटतं. पण अल्बममध्ये ही तक्रार आहे किती? दहा ट्रॅकपैकी एका गाण्यात. सुरुवातच होते ती श्रीमंत-गरीब दरीकडे बघणाऱ्या, देवाचंही लक्ष उडालंय का असं विचारणाऱ्या 'प्रेइंग फॉर टाइम'ने. 'मदर्स प्राइड' युद्धावर गेलेल्या मुलाचं आणि त्याच्या आईचं गाणं आहे, आखाती युद्धाच्या काळात अमेरिकन रेडिओने ते उचललं. यात स्वतःचं रडगाणं कुठे आहे?

राहिला संथपणा. हो, अल्बम संथ आहे. 'काउबॉइज अँड एंजल्स' सात मिनिटांहून लांब, जॅझच्या वळणाचं, घाई अजिबात न करणारं. सॅक्सोफोन येतो तोही रेंगाळत. पण संथ म्हणजे रिकामं नव्हे. अमेरिकन गायक स्टीव्ही वंडरचं १९७४ चं 'दे वोन्ट गो व्हेन आय गो' त्याने इथे गायलंय. वंडरसारख्याच्या गाण्याला हात घालणं म्हणजे स्वतःहून तुलना ओढवून घेणं, त्यात आधाराला जवळजवळ फक्त पियानो आणि स्वतःच्याच आवाजाचे थर. कुठेही जोर लावून दाद मिळवायचा प्रयत्न नाही. खालच्या सुरात श्वास ऐकू येईल इतक्या जवळून तो गातो, मग आवाज हळूहळू वर चढतो, आणि चढल्यावरही कोरडा होत नाही. 'फेथ'मध्ये त्याचा आवाज तालावर स्वार असायचा. इथे तालाचा आधार सोडूनही तो उभा राहतो. मी हा अल्बम वरचा मानते तो मुख्यतः या एका गोष्टीसाठी, आणि माझ्या लेखात नेमकं हेच कमी आलं होतं. कोर्टकचेरीवर मी तीन परिच्छेद खर्च केले, गाण्यावर एक.

'सोल फ्री' हे गाणं मात्र मलाही कधी भिडलं नाही. तिथे तुम्ही म्हणता ते मान्य.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नाही, पण मनात राहते. नावात 'व्हॉल्यूम १' आहे, आणि दुसरा भाग कधी आलाच नाही. त्याच्यासाठीची काही गाणी १९९२ मध्ये एड्सच्या मदतीसाठी काढलेल्या 'रेड हॉट + डान्स' या संग्रहाला दिली गेली. पुढचा स्वतंत्र अल्बम आला थेट १९९६ मध्ये. जॉर्जच्या निधनानंतर, २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये, 'लिसन विदाउट प्रेज्युडिस' हा अल्बम पुन्हा बाजारात आला आणि ब्रिटनमध्ये परत पहिल्या क्रमांकावर गेला.

कंपनीबद्दलचं ते वाक्य मूळ लेखात आज दुरुस्त करते आहे, आणि दुरुस्ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे झाली हेही तिथे नोंदवते. तुम्ही एवढंच करा : व्हिडिओ न लावता, पडदा बंद ठेवून, तिसरं गाणं, म्हणजे ते वंडरचं, एकदा ऐका आणि मग इथे परत लिहा.